मायटोट्रॅकर आणि लायसोट्रॅकर मर्ज केल्यावर सगळं पिवळं, ही मायटोफॅजी म्हणायची का?

पिपेट_पुराण

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष, मूळची बायोकेमिस्ट्रीवाली, आतापर्यंत ब्लॉट एके ब्लॉट केलेत, मायक्रोस्कोपला पहिल्यांदाच हात लावलाय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर समजून घ्या.

आमच्या लॅबमधलं एक कंपाऊंड मायटोफॅजी वाढवतं का ते बघायचंय, म्हणजे बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया सेल स्वतःच लायसोसोममध्ये घालून पचवते ती भानगड. कंपाऊंडच्या आधी पॉझिटिव्ह कंट्रोल (जिथे मायटोफॅजी दिसायलाच हवी अशी डिश) बसवावा म्हणून हेला सेल्स (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) घेतल्या, १० मायक्रोमोलर सीसीसीपी (मायटोकॉन्ड्रिया बिघडवणारं केमिकल) ६ तास दिलं, मग सीसीसीपी तसंच ठेवून मायटोट्रॅकर ग्रीन (मायटोकॉन्ड्रिया हिरवे दाखवणारा डाय) २०० नॅनोमोलर आणि लायसोट्रॅकर रेड (लायसोसोम लाल दाखवणारा) १०० नॅनोमोलर एकत्रच अर्धा तास, दोन वॉश, आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर ४८८ आणि ५६१ नॅनोमीटरचे दोन्ही लेझर लावून एकाच स्कॅनमध्ये फोटो. मर्ज केलं तर हिरव्या-लालच्या जागी नुसतं पिवळं पिवळं, अगदी हळदीकुंकवाचं ताट सांडल्यासारखं. पिअरसन (दोन रंग किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळले) ०.६८ आला. गाईड खूश, म्हणाले फिगर झाली.

पण लॅब मीटिंगमध्ये एका सिनियरने विचारलं की नुसत्या डीएमएसओवाल्या (सीसीसीपी नाही, फक्त ते ज्यात विरघळवतो ते द्रावण दिलेल्या) सेल्समध्ये किती, तर तिथे पण ०.६१ आलाय. आता ०.६१ आणि ०.६८ मधला फरक म्हणजे मायटोफॅजी का? अजून एक सांगायचं राहिलं, सीसीसीपीवाल्या डिशमध्ये दोन्ही डाय फिकट दिसत होते म्हणून मी तिथे लेझर पॉवर आणि गेन (डिटेक्टर सिग्नल किती वाढवून दाखवतो ते) जरा वाढवून घेतला होता. स्लॉट दोन तासांचाच मिळतो आणि पुढचा थेट पुढच्या गुरुवारी आहे, तोपर्यंत काय बदलू ते सांगा प्लीज.

जुगाडू_जीवशास्त्री

टेन्शन नको घेऊस. असल्या फिगर छापून आलेल्या ढिगाने सापडतील. चार चांगल्या सेल्स निवड, झूम कर, बाण दाखव, काम झालं. रिव्ह्यूअरने विचारलंच तर तेव्हा बघू.

कॉन्फोकल_काका

जुगाडू, तुझ्या या सल्ल्यामुळेच आमच्यासारख्यांचे केस पांढरे होतात. बारा वर्षं मशीन सांभाळतोय, दर महिन्याला एक तरी पोरगं पिवळा रंग घेऊन येतं आणि म्हणतं काका बघा कोलोकलायझेशन, म्हणजे दोन्ही एकाच जागी.

पिपेट, पहिली गोष्ट म्हणजे ट्रीटेड आणि कंट्रोलला वेगळं सेटिंग हे करायचंच नाही. सगळ्यात ब्राइट डिशवर सेटिंग लावायचं, पिक्सेल सॅच्युरेट होत नाहीत ना बघायचं, आणि मग त्या सेटिंगला देव आला तरी हात लावायचा नाही, दुसरी डिश फिकट दिसली तर दिसू दे, ती फिकट दिसतेय हाच तुझा डेटा आहे.

दुसरं, दोन्ही लेझर एकदम लावलेस तिथेच निम्मा घोटाळा झालाय. मायटोट्रॅकर ग्रीनचं एमिशन ५१६ ला टोक गाठतं खरं पण तिथे संपत नाही, त्याची शेपटी पार ५८०-६०० पर्यंत लोळत जाते, आणि तुझा रेड डिटेक्टर साधारण ५७० पासून उघडा असणार. ४८८ चालू असताना तो डिटेक्टर उघडा असला की हिरव्याची शेपटी लालमध्ये दिसणारच, त्यात तू गेन वाढवलास. म्हणून सीक्वेन्शियल स्कॅन कर, म्हणजे आधी फक्त ५६१ आणि फक्त रेड डिटेक्टर, मग फक्त ४८८ आणि फक्त ग्रीन. सॉफ्टवेअरमध्ये एक टिक असते, वेळ दुप्पट लागतो एवढंच. लाइन बाय लाइन आलटून पालटून कर, फ्रेम बाय फ्रेम नको, जिवंत सेलमध्ये लायसोसोम पळत असतात, एक फ्रेम संपून दुसरी सुरू होईपर्यंत ठिपका जागेवरून हललेला असतो.

तिसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. लायसोट्रॅकर रेडवर जोरात लाईट मारली की तो स्वतःच हिरवा होतो. मस्करी नाही, २००७ मध्ये यावर पेपर आलेला आहे, फोटोकन्व्हर्जन म्हणतात त्याला, रेणूच बदलतो आणि हिरव्या चॅनेलमध्ये चमकायला लागतो. तू ५६१ ची पॉवर वाढवून फोकस शोधत बसली असशील पाचेक मिनिटं, तेवढ्यात निम्मे लायसोसोम हिरवे झाले असतील, आणि मग ते 'मायटोकॉन्ड्रिया' म्हणून मोजले गेले. असाच प्रकार होक्स्ट ३३३४२ चा पण आहे, यूव्ही खाल्ल्यावर न्यूक्लियस हिरवा दिसायला लागतो, म्हणून न्यूक्लियस नेहमी सगळ्यात शेवटी घ्यावा.

गुरुवारी जाशील तेव्हा चार डिश जास्तीच्या ने. एक कोरी, बिनडायची. एक फक्त मायटोट्रॅकर. एक फक्त लायसोट्रॅकर. एक दोन्ही. सिंगल डायच्या डिशमध्ये सुद्धा दोन्ही चॅनेल बघायचे, जिथे काही दिसायला नको तिथे काय दिसतं ते बघायचं. हे न करता पिअरसन काढणं म्हणजे काटा शून्यावर आहे की नाही न बघता भाजी तोलणं.

रंगारी

काकांनी मशीनचं सांगितलं, मी डायच्या बाजूने बोलतो, कारण माझी पीएचडी असले रेणू बनवण्यातच गेली (आणि त्यातले नव्वद टक्के सेलमध्ये शिरलेच नाहीत ती गोष्ट वेगळी).

या डायच्या रेणूंना मायटोकॉन्ड्रिया ओळखता येत नाही. मायटोट्रॅकर, टीएमआरएम, रोडामाइन १२३ हे सगळे धन भार असलेले, तेलकट स्वभावाचे रेणू. मायटोकॉन्ड्रियाच्या आतली बाजू साधारण १५०-१८० मिलीव्होल्टने ऋण असते, म्हणून ते तिकडे ओढले जातात. नेर्न्स्टचं गणित लावलं तर ३७ डिग्रीला दर ६१.५ मिलीव्होल्टमागे दहापट डाय जमतो, म्हणजे १८० मिलीव्होल्टला आठशे-साडेआठशे पट, आणि सेलचं बाहेरचं मेंब्रेन पण ऋण असतं त्याचे अजून सात-आठ-दहा पट. तू बाहेर २० नॅनोमोलर टीएमआरएम टाकलास तरी आत दीडशे मायक्रोमोलरच्या आसपास जातो! म्हणून असले डाय कमीच टाकावेत, जास्त झाला की तो एकमेकांचाच उजेड मारतो, श्वसनसाखळीला त्रास देतो आणि उरलेला इतर मेंब्रेनवर सांडतो. डायओसी६ हे जुनं उदाहरण आहे, थोडा टाकला तर मायटोकॉन्ड्रिया, जास्त टाकला तर आख्खी ईआर (पेशीभर पसरलेलं मेंब्रेनचं जाळं) रंगते, ८० च्या दशकात लोक मुद्दाम तसं करूनच ईआर बघायचे.

आता तुझ्या प्रयोगात काय झालं ते बघ. सीसीसीपी म्हणजे प्रोटॉनला मेंब्रेनमधून चोरवाट काढून देणारा रेणू, व्होल्टेजच खाली बसवतो. तू आधी ६ तास व्होल्टेज घालवलंस आणि नंतर व्होल्टेजवर चालणारा डाय टाकलास. मायटोट्रॅकर ग्रीन व्होल्टेजवर अवलंबून नाही असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, त्यातलं अर्धंच खरं आहे, आत गेल्यावर तो प्रोटीनच्या थायोलला चिकटून बसतो म्हणून नंतर व्होल्टेज गेलं तरी बराच टिकतो, पण आत जायला ओढ लागतेच ना. क्रम उलटा कर, आधी डाय, मग ट्रीटमेंट. आणि २०० खूप आहे, ५० ते १०० मध्ये भागव.

लायसोट्रॅकरची तऱ्हा वेगळी. शाळेत लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या म्हणून पाठ केलेलं असेल, त्या पिशवीत पीएच साडेचार-पाच आणि बाहेर ७.२. हा डाय दुबळा बेस आहे, भार नसताना मेंब्रेनमधून सहज आत जातो, आत आम्लात प्रोटॉन पकडतो, भार येतो, आता बाहेर पडता येत नाही. उंदराच्या सापळ्यासारखं. म्हणजे तोही 'लायसोसोम' दाखवत नाही, 'आम्ल' दाखवतो, लेट एंडोसोम पण रंगतात. आणि जास्त वेळ ठेवला तर तोच बेस असल्यामुळे आतलं आम्ल मारायला लागतो, म्हणून अर्ध्या तासाच्या वर जाऊ नये. आता गंमत अशी की सीसीसीपी प्रोटॉनला वाट देतो म्हटल्यावर तो फक्त मायटोकॉन्ड्रियालाच देईल का? लायसोसोमचं आम्ल पण गळतं. तुझे दोन्ही डाय फिकट का झाले याचं उत्तर इथेच आहे, दोघांचंही इंधन एकाच माणसाने पळवलं.

अवांतर: हे सगळं काही आजकालचं नाही. १९०० मध्ये लिओनोर मिकाएलिसने, हो तोच एन्झाइम कायनेटिक्सवाला, जेनस ग्रीन बी टाकून जिवंत पेशीत मायटोकॉन्ड्रिया रंगवले होते. तेव्हा व्होल्टेज वगैरे कोणाच्या गावी नव्हतं.

राईनकाठचा

उशिरा आलोय पण कोणीच म्हटलं नाही म्हणून म्हणतो.

हेला?? हेलामध्ये पार्किन (बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर खूण करणारं प्रोटीन) जवळजवळ नसतंच. सीसीसीपी दिल्यावर पार्किन मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतं आणि मायटोफॅजी सुरू होते हे २००८ चं यूलच्या लॅबचं काम, आणि त्या लायनीतले लोक हेला वापरतात ते त्यात बाहेरून पार्किन घालून. साध्या हेलाला सीसीसीपी देऊन जोरदार पार्किनवाली मायटोफॅजी मिळाली तर उलट मला संशय येईल. त्यामुळे ताई, तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल पॉझिटिव्ह नाहीच्चे.

शिवाय लायसोसोमचं आम्ल गळालं की आत आलेला माल पचत नाही, म्हणून आता बरेच जण सीसीसीपी सोडून अँटिमायसिन आणि ऑलिगोमायसिन (मायटोकॉन्ड्रियाचं काम बंद पाडणारी दोन रसायनं) एकत्र देतात. पार्किन घालायचं नसेल तर डेफेरिप्रोन बघा, लोह काढून घेणारं औषध, १ मिलीमोलर २४ तास, त्याने पार्किनशिवाय मायटोफॅजी होते.

आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पिवळं दिसणं आणि पचणं यात फरक आहे. १.४ एनएचं, म्हणजे अगदी बारीक दाखवणारं ऑब्जेक्टिव्ह धरलं तरी बाजूला साधारण १८०-२०० नॅनोमीटर आणि उंचीत अर्धा मायक्रॉन किंवा जास्तच, याच्या आत दोन वस्तू असल्या तर त्या एकच दिसणार. मायटोकॉन्ड्रिया आणि लायसोसोम तसेही एकमेकांना खेटून गप्पा मारत असतात, २०१८ मध्ये नेचरमध्ये यावर पेपर आहे, न पचता नुसता संपर्क, थोड्या वेळाने आपापल्या वाटेने जातात. लोकलमध्ये शेजारी उभा राहिला म्हणजे नातेवाईक झाला असं नसतं.

जुगाडू_जीवशास्त्री

बरं बाबा माझं चुकलं. पण मग सगळेच हे दोन डाय का विकत घेतात? एवढी छोटीशी कुपी आणि किंमत बघितली तर डोळे पांढरे होतात.

रंगारी

कारण बाकी पुष्कळ गोष्टींना ते फार छान आहेत. मायटोकॉन्ड्रियाचं जाळं तुटलं का जोडलं, लायसोसोम कुठे पळतायत, आम्ल कमी झालं का, या प्रश्नांना झकास. चुकीचा प्रश्न विचारला तर डाय काय करणार. मला तर एवढंच म्हणायचंय की बाटलीवर कंपनीने दिलेलं नाव वाचू नये, रेणूचं चित्र बघावं, कुठे भार आहे, कुठे अमाईन आहे. ईआर-ट्रॅकर ग्रीन घ्या, त्याच्या पोटात ग्लिबेनक्लामाइड आहे, म्हणजे डायबेटिसची गोळी! ईआरमधल्या पोटॅशियम चॅनेलच्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. आता तुम्ही इन्सुलिन सोडणाऱ्या सेल्सवर काम करत असाल तर हा डाय टाकून तुम्ही सेलला औषधच दिलंत की.

कुपीचं म्हणशील तर मायटोट्रॅकर ग्रीनची ५० मायक्रोग्रॅमची कुपी, तीत ७४ मायक्रोलीटर डीएमएसओ घातलं की १ मिलीमोलर होतं. त्याचे छोटे छोटे अ‍ॅलिकॉट करून फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला, आणि सारखं गोठव-वितळव करू नका. ७४ मायक्रोलीटर ऐकून वाईट वाटतं पण ५० नॅनोमोलरने वापरलंत तर लिटरभराहून जास्त मीडिया होतो, आयुष्यभर पुरेल.

ओलं_काजू

मध्येच विचारते, मडगावहून. आमच्याकडे लाइव्ह सेट-अप नाही, लायसोट्रॅकर टाकून पीएफएने फिक्स केलं (म्हणजे फॉर्मल्डिहाइडने सेल्स मारून होत्या तशा पक्क्या केल्या) तर चालेल का?

कॉन्फोकल_काका

नाही. फिक्स केलं की मेंब्रेन गळतं, आम्ल जातं, सापळ्याचं दार उघडं. काही ठिपके दिसतील पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. लायसोसोमसाठी फिक्स करून लॅम्प-१ ची (लायसोसोमच्या मेंब्रेनवरचं प्रोटीन) अँटिबॉडी लावा. मायटोकॉन्ड्रियाला फिक्स करायचंच असेल तर मायटोट्रॅकर रेड सीएमएक्सरॉस टिकतो, पण डाय जिवंतपणीच टाकायचा, मग फिक्स.

पिपेट_पुराण

गुरुवार झाला. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

कोरी डिश: हिरव्यामध्ये अगदी मंद टिकल्या, दुर्लक्ष करण्याइतक्या.

फक्त मायटोट्रॅकर: दोन्ही लेझर एकत्र लावले तर रेड चॅनेलमध्ये मायटोकॉन्ड्रियाचं आख्खं जाळं भुतासारखं दिसलं. सीक्वेन्शियल केलं आणि गायब!! मी तीनदा उलटसुलट करून बघितलं.

फक्त लायसोट्रॅकर: पहिल्या फ्रेमला हिरवं जवळजवळ काळं. मग काकांनी म्हटल्यासारखं एका चौकोनावर झूम करून ५६१ जोरात वीसेक फ्रेम मारल्या आणि परत झूम आऊट केलं, तर बरोब्बर तेवढ्याच चौकोनात हिरवे ठिपके, बाहेर काही नाही. साडीला ठिगळ लावल्यासारखं. त्या डिशमध्ये मायटोट्रॅकरचा थेंबसुद्धा नव्हता! ऑपरेटर दादा पण बघायला आले.

दोन्ही डाय: आधी डाय, मग ट्रीटमेंट, ५० आणि ५० नॅनोमोलर, लेझर अगदी कमी, सीक्वेन्शियल, सगळ्या डिशना एकच सेटिंग. डीएमएसओमध्ये पिअरसन ०.२ च्या आसपास. सिनियरने एक युक्ती सांगितली की एक चॅनेल ९० अंशात फिरवून परत पिअरसन काढ, म्हणजे नुसत्या योगायोगाने किती येतो ते कळतं, तर तो ०.१५ आला. म्हणजे माझ्या ०.६१ मधलं बहुतेक सगळं लेझरचं आणि डायचंच होतं. सीसीसीपीमध्ये लायसोट्रॅकर इतका फिकट की मोजण्यात अर्थ नाही.

गाईडना सांगायची भीती वाटत होती म्हणून काही बोललेच नाही, लॅपटॉप उघडून फक्त तो ठिगळाचा फोटो दाखवला आणि म्हटलं सर या डिशमध्ये हिरवा डाय नाहीये. ते बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, मग मायटोफॅजी बघायची कशाने.

तेच आता तुम्हाला विचारते.

राईनकाठचा

शाब्बास. आता डाय बाजूला ठेवा, जेनेटिक प्रोब घ्या, म्हणजे सेललाच तो प्रोटीन बनवून मायटोकॉन्ड्रियात ठेवायला लावायचं. दोन पर्याय.

एक एमटी-कीमा. जपानमधल्या रिकेनच्या मियावाकींच्या लॅबचा, २०११. साध्या पीएचला ४४० च्या आसपासच्या लाईटने चमकतो, आम्लात गेला की ५५०-५८० च्या लाईटने चमकायला लागतो आणि लायसोसोममधले एन्झाइम त्याला लवकर पचवू शकत नाहीत, त्यामुळे दोन लेझरच्या सिग्नलचं गुणोत्तर काढलं की किती माल पिशवीत पोचला ते थेट कळतं. फिक्स करता येत नाही, जिवंतच बघायचा. (ऑर्डरच्या कागदावर देवनागरीत नुसतं कीमा लिहू नका, अकाउंटवाले कँटीनचं बिल समजतील.)

दुसरा मायटो-क्यूसी, डंडीच्या गॅन्लीच्या लॅबचा. एकाच प्रोटीनवर लाल एमचेरी आणि हिरवा जीएफपी, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या मेंब्रेनवर अडकवलेला. बाहेर असताना दोन्ही चमकतात, लायसोसोममध्ये गेलं की आम्लामुळे जीएफपी विझतो आणि एमचेरी तसाच राहतो. म्हणजे नुसते लाल ठिपके मोजायचे, पिवळ्याचा संबंधच उरला नाही, तुमच्या आधीच्या प्रयोगाच्या बरोब्बर उलटं. हा फिक्स करता येतो, फक्त फिक्सेटिव्हचा पीएच ७ ला धरा. स्लॉटची एवढी मारामारी असेल तर तुमच्यासाठी हाच बरा.

पिपेट_पुराण

त्याचं प्लास्मिड (प्रोबचा जीन असलेला डीएनए) शेजारच्या लॅबमध्ये आहे म्हणे. ट्रान्सफेक्ट करून, म्हणजे तो डीएनए सेल्समध्ये घालून, दुसऱ्या दिवशी बघितलं तर चालेल ना?

राईनकाठचा

घाई असली तरी नको. एका सेलमध्ये खच्चून प्रोटीन, दुसरीत काहीच नाही, आणि खच्चून असलेल्या सेलमध्ये मायटोकॉन्ड्रिया गोळा होऊन बसतात, मग परत नवा धागा काढावा लागेल. स्टेबल लाइन (प्रोब कायमचा बसलेल्या सेल्स) करा, व्हायरसने घालून कमी चमकणाऱ्या सेल्स सॉर्ट करून घ्या. महिनाभर जाईल. आणि डेफेरिप्रोनसोबत एक डिश बॅफिलोमायसिन दिलेली ठेवा, त्याने लायसोसोमचा प्रोटॉन पंप बंद पडतो, तिथे लाल ठिपके गेले पाहिजेत. नाही गेले तर ते ठिपके दुसरंच काहीतरी आहेत.

कॉन्फोकल_काका

आणि कोरी डिश विसरू नकोस.

पिपेट_पुराण

नाही विसरत काका, डब्यावर मार्करने लिहूनच ठेवलंय. सॉर्टरचा स्लॉट मात्र तीन आठवड्यांनंतरचा आहे.